पिसू, उंदीर आणि हॉटेलातली मांजर

घरातल्या मांजराला पिसवा झाल्या की आपण तिला धुतो, अंथरुणे उन्हात टाकतो. सव्वाशे वर्षांपूर्वी याच किड्याकडे झालेले दुर्लक्ष आपल्याला फार महागात पडले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कळले नव्हते. म्हणून घरे धुतली गेली, सामान जाळले गेले, माणसे छावण्यांत हलवली गेली.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांना एक गोष्ट खटकली. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारे आजारी पडत. मरून बराच वेळ झालेला उंदीर मात्र बाधत नसे. असे का? उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात!

१८९८ साली कराचीतल्या एका हॉटेलात त्यांनी प्लेग झालेला उंदीर काचेच्या बरणीत ठेवला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून हॉटेलात फिरणाऱ्या मांजराच्या अंगावरच्या काही पिसवाही त्यात सोडल्या. मग जाळीच्या पिंजऱ्यात घालून एक निरोगी उंदीर आत ठेवला. उंदरांचा एकमेकांना स्पर्श होत नव्हता, पण पिसवा उडी मारू शकत होत्या. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराजवळचे उंदीर मात्र धडधाकट राहिले.

तरीही अनेकांना हे पटले नाही. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांनी उंदरावरची पिसूच प्लेगची मुख्य वाहक असल्याचे पक्के केले.

वर्गात विचारू या : सिमाँ यांनी पिसवांविना प्रयोग केला नसता, तर पहिल्या प्रयोगातून नेमके काय सिद्ध झाले असते?