धसक्याचं कूळ

फ्रँकफुर्टमध्ये पाउल एर्लिख आणि युलियस मॉर्गेनरोट यांनी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचं रक्त टोचलं, त्याला सव्वाशे वर्षं होत आली. टोचलेल्या शेळीच्या रक्तद्रवात प्रतिपिंडं तयार झाली. ती इतर शेळ्यांच्या तांबड्या पेशी फोडायची, तिच्या स्वतःच्या पेशींना मात्र हात लावायची नाहीत. एर्लिखनं याला लॅटिन नाव दिलं, 'हॉरर ऑटोटॉक्सिकस'. स्वतःलाच विष ठरण्याचा धसका, असं आपण म्हणू.

या नावाची पुढं फार ओढाताण झाली. असं विष आपल्यावरच उलटू नये म्हणून शरीराजवळ काही तजवीज असणार, एवढंच एर्लिख म्हणत होता. लोकांनी ऐकलं ते असं, की हे घडूच शकत नाही. १९०४ मध्ये डोनाथ आणि लांडस्टायनर यांनी, थंडी लागली की लालसर लघवी होणाऱ्या रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच पेशी फोडणारं प्रतिपिंड दाखवलं. तरीही तो समज अनेक दशकं टिकला, याची मला अजून हळहळ वाटते.

तजवीज कोणती, हे मेलबर्नच्या बर्नेटनं १९५७ मध्ये मांडलं: प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींच्या प्रत्येक कुळाकडे एकाच तऱ्हेचं प्रतिपिंड, आणि 'आपल्या'शी जुळणारी कुळं कोवळेपणीच खुडली जातात. तिथल्याच नॉसल आणि पाइक यांनी १९८० मध्ये यात भर घातली. सगळ्या पेशी मरत नाहीत. काही जगतात, पण मुक्या होतात.

पुरावा उंदरांनी दिला. १९८८ मध्ये सिडनीत गुडनाऊ आणि सहकाऱ्यांनी एका उंदराला कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाची जनुकं दिली, दुसऱ्याला लायसोझाइमचंच जनुक, आणि दोघांची पैदास केली. पिल्लांच्या अंगात लायसोझाइमशी जुळणाऱ्या बी पेशी होत्या, पण त्या प्रतिपिंड बनवत नव्हत्या. पुढच्याच वर्षी नेमाझी आणि ब्यूर्की यांच्या उंदरांत प्रतिपिंडाचं लक्ष्य पेशींच्या पृष्ठभागावर होतं. तिथं त्याच्याशी जुळणाऱ्या बी पेशी उरल्याच नाहीत.

मला सर्वांत भावते ती १९९३ मध्ये सापडलेली तिसरी वाट. अस्थिमज्जेतली 'आपल्या'शीच जुळणारी चुकार पेशी लगेच मारली जात नाही. ती आपल्या ग्राहकाची, म्हणजे पृष्ठभागावरच्या प्रतिपिंडाची, हलकी साखळी नव्यानं जुळवून पाहते. जमलं तर जगते.

आणि चुकार पेशी काही अपवादानं जन्मत नाहीत. माणसाच्या कोवळ्या बी पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के स्वतःलाच ओळखणाऱ्या असतात, असं २००३ मध्ये दिसलं. रक्तात येईपर्यंत हा आकडा खूप घटतो, पण शून्यावर येत नाही.