गव्हाण आणि वजनकाटा

बीड जिल्ह्यातल्या तेलगावच्या लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले की गावोगावचा ऊस एकाच गव्हाणीत पडतो. तिथली कांडी कोणाच्या वावरातली, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. पण गाडी त्याआधी वजनकाट्यावरून गेलेली असते. ऊस मिसळतो, पावती मिसळत नाही; शेतकऱ्याचे पैसे तिच्यावरच निघतात.

बिटकॉइनच्या मिश्रणाचा, म्हणजे कोणते पैसे कोणाचे हे झाकण्याच्या युक्तीचा, अभ्यास या काट्यापाशीच सुरू होतो. बिटकॉइनची वही साऱ्या जगाला उघडी आहे. सातोशी नाकामोतोने २००८ च्या निबंधात नाव झाकण्याची सोय केली, रकमेची नाही. २०१३ मध्ये ग्रेगरी मॅक्सवेल यांनी कॉइनजॉइन सुचवले: अनेकांनी मिळून एकच व्यवहार करायचा आणि प्रत्येकाने सारखीच रक्कम बाहेर काढायची. दहा जणांना ०.१ बिटकॉइन मिळाले तर कोणते कोणाचे ते कळत नाही. मात्र ज्याने ०.१३७ आणले, त्याला (शुल्क सोडून) ०.०३७ सुटे परत येतात, आणि चहाडी करतात ते हेच. माझ्या मते या विषयातली निम्मी डोकेदुखी सुट्या पैशांची आहे.

जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांचा २०१६ चा लाइटनिंग निबंध बीडच्या वाचकाला परका वाटू नये. ऊसतोडीला निघण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर ती फेडत राहायचे, पट्टा पडला की शेवटचा हिशेब. लाइटनिंगच्या चॅनेलमध्येही, म्हणजे दोघांनी आपसात उघडलेल्या खात्यातही, सुरुवातीला अडकवलेली रक्कम आणि शेवटी उरलेली वाटणी एवढेच जाहीर वहीत उतरते. मधल्या हजार देवघेवींची ओळही पडत नाही. फरक आहे तो वहीच्या मालकीत. मुकादमाची वही मुकादमाकडे, आणि उचल अंगावर राहिली की पुढचा हंगामही बांधलेला. चॅनेलमध्ये ताज्या हिशेबाची, समोरच्याची सही असलेली प्रत दोघांकडेही असते. कोणी जुना हिशेब पुढे केला तर दुसरा मुदतीत सगळीच रक्कम घेऊ शकतो. ऊसतोडीच्या करारात असे कलम असते तर!

आता दोन्ही कल्पना जोडा. मिश्रणातून निघालेले सारखे तुकडे थेट चॅनेलमध्ये घालायचे आणि विषम रकमा तिथेच आत फिरवायच्या. रक्कम चॅनेलांच्या साखळीतून जाते, आणि वाटेतल्या मध्यस्थाला फक्त मागचा आणि पुढचा शेजारी माहीत असतो. चॅनेल बंद होताना निघणारा आकडा आत आलेल्या आकड्याशी जुळेलच असे नाही, आणि माग काढणाऱ्याचा धागा तिथे तुटतो.

काटा मात्र पुरता उखडलेला नाही. चॅनेल उघडण्याचा व्यवहार वहीत असतोच. बिटकॉइनच्या नियमांतल्या २०२१ च्या टॅपरूट बदलानंतर तो साध्या व्यवहारासारखा दिसू शकतो, एवढेच. आणि मिश्रण करून चॅनेल उघडणाऱ्याने लगेच तीच रक्कम बाहेर काढली, तर सगळी खटपट वाया.

या पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडण्याआधी एक कागद घ्या. तिघांचा कॉइनजॉइन मांडा, रकमा मुद्दाम विषम ठेवा, आणि कोणते सुटे कोणाचे ते शेजाऱ्याला ओळखायला सांगा.