चोरट्या कुत्र्याचं कूळ

१५७० साली केंब्रिजचे डॉक्टर जॉन कायस यांचं इंग्लंडमधल्या कुत्र्यांवरचं एक छोटं लॅटिन पुस्तक प्रसिद्ध झालं. कायस हे राजघराण्याचे वैद्य. सहा वर्षांनी त्यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवादही आला. त्यात उमरावांचे शिकारी कुत्रे आहेत, बायकांच्या मांडीवरचे आहेत, स्वयंपाकघरात मांस भाजायचं चाक फिरवणारेही आहेत. आणि एक आहे चक्क ‘चोर कुत्रा’. धन्यानं इशारा केला की हा रात्री बाहेर पडतो, वाऱ्यावर आलेल्या वासानं सशांचा माग काढतो आणि सबंध कामगिरीत एकदाही भुंकत नाही. भुंकला तर ससे बिळात पळणार, आणि राखणदार जागा होणार तो वेगळाच.

दोनशे वीस वर्षांनी, १७९० मध्ये, लाकडावरच्या कोरीव चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या टॉमस ब्युइक यांनी चतुष्पाद प्राण्यांवरचं आपलं पुस्तक काढलं. त्यात हाच स्वभाव पुन्हा भेटतो, पण आता त्याला नाव आहे: लर्चर. ग्रेहाउंडपेक्षा लहान, पाय आखूड पण दणकट, केस राठ, रंग बहुधा फिकट पिवळा. रात्री, वासावर, मुकाट्यानं शिकार करणारा. ब्युइकचा लर्चर कायसच्या चोर कुत्र्याचा वंशज होता का? ते सिद्ध करता येणार नाही, कारण चोरट्या शिकाऱ्यांच्या कुत्र्यांची वंशावळ कोणी लिहून ठेवत नसे. काम मात्र तेच, आणि लर्चरचं कूळ शोधायचं तर रक्तापेक्षा कामाचाच माग काढावा लागतो.

लर्चर ही जात नाहीच. आईबापांपैकी एक नजरेवर धावणारा हवा: ग्रेहाउंड, व्हिपेट, सालुकी किंवा स्कॉटलंडचा डीअरहाउंड. दुसरा कामकरी, म्हणजे मेंढ्या वळणारा कॉली किंवा बिळात घुसणारा टेरियर. दोन्ही बाजू धावणाऱ्यांच्याच असतील, समजा सालुकी आणि ग्रेहाउंड, तर त्या पिल्लाला जाणकार लर्चर म्हणत नाहीत, ‘लाँगडॉग’ म्हणतात. व्यवहारात ही सीमारेषा सतत पुसली जाते. लर्चर मादीला पुन्हा ग्रेहाउंड किंवा सालुकी नर दाखवायचा, हा तर या धंद्यातला रोजचा हिशेब.

हा कुत्रा घडवला कोणी? मेंढपाळांनी, जिप्सी भटक्यांनी, हातावर पोट असलेल्या शेतमजुरांनी, असं उत्तर मिळतं आणि ते खरंच आहे. पण त्यांच्याइतकाच मोठा वाटा कायद्याचा.

१३८१ च्या शेतकरी उठावाची धास्ती ताजी असताना, १३९० मध्ये, इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या संसदेनं एक कायदा केला. त्यातली तक्रार मोठी बोलकी आहे: सणावारी भले ख्रिस्ती लोक चर्चमध्ये असताना कारागीर आणि मजूर कुत्री घेऊन उमरावांच्या राखीव रानात शिरतात, आणि शिकारीच्या नावाखाली कटकारस्थानंही शिजवतात. म्हणून ज्याच्या जमिनीचं वार्षिक उत्पन्न चाळीस शिलिंगांहून कमी, त्यानं ग्रेहाउंड किंवा शिकारीचं दुसरं कोणतंही कुत्रं पाळायचं नाही. पाळलं तर एक वर्ष कैद. १६७१ मध्ये शिकारीच्या हक्कासाठी स्वतःच्या जमिनीची अट वर्षाला शंभर पौंडांवर नेली. एवढी मिळकत मूठभरांचीच.

इथे एक लोकप्रिय कथा सांगितली जाते. कायद्यानं ग्रेहाउंडला बंदी घातली, संकराला घालायची विसरला. म्हणून गरिबानं ग्रेहाउंडमध्ये मेंढ्यांचा कुत्रा मिसळला आणि पळवाट काढली. गोष्ट झकास आहे, पण कायद्याच्या शब्दांपुढे टिकत नाही. ‘दुसरं कोणतंही शिकारी कुत्रं’ हे शब्द १३९० पासून होते, आणि १७०७ च्या कायद्यात तर लर्चर हे नावच ग्रेहाउंड आणि जाळ्यांच्या जोडीला घातलेलं आहे. पात्रता नसताना बाळगला तर पाच पौंड दंड. पळवाट कायद्यात नव्हतीच. होती ती राखणदाराच्या डोळ्यांत. गुळगुळीत अंगाचा, लांब मानेचा ग्रेहाउंड अर्ध्या मैलावरून ओळखू येतो. झिपऱ्या केसांचा, खाली मान घालून धन्यामागे चालणारा कुत्रा मेंढपाळाचाच वाटतो. राठ केसांनी थंडी-पावसापासून आणि काटेरी कुंपणापासून बचाव केला, तसाच संशयापासूनही. इंग्लंडच्या नॉरफोक भागात स्मिथफील्ड बाजाराकडे गुरं हाकणाऱ्यांचे झिपरे कुत्रे आणि ग्रेहाउंड यांच्या मिश्रणातून घडलेला लर्चर याच कुळीतला.

गंमत म्हणजे संकर फक्त गरीबच करत होते असं नाही. त्याच नॉरफोकमध्ये ऑरफर्डचे तिसरे अर्ल जॉर्ज वॉलपोल यांनी १७७६ मध्ये स्वॉफम इथे कोर्सिंग क्लब काढला. कोर्सिंग म्हणजे दोन ग्रेहाउंड एकाच वेळी रानसशामागे सोडायचे आणि कोणी त्याला किती वळवला यावर गुण द्यायचे. आपले कुत्रे लवकर कच खातात असं वाटून या अर्लनी ग्रेहाउंडमध्ये बुलडॉग मिसळला आणि मग सहा-सात पिढ्या पुन्हा ग्रेहाउंडशीच जोडत नेल्या. पिल्लांचं रूप ग्रेहाउंडचं राहिलं, जिद्द वाढली, अशी त्या काळी ख्याती झाली. अर्लनं केलं की त्याला प्रयोग म्हणायचं आणि मजुरानं केलं की भेसळ! १८७३ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब स्थापन झाला, १८८२ मध्ये ग्रेहाउंडची वंशनोंदणी सुरू झाली, आणि दारं लागली. लर्चर बाहेरच राहिला, आजही बाहेरच आहे.

बाहेर राहिल्याचा एक फायदा झाला. दिसण्याचे नियम नसल्यानं कामागणिक मिश्रण बदलता आलं.

त्यातलं गणित असं. ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या वर पळतो, पण अर्ध्या मिनिटात त्याचा जोर ओसरायला लागतो. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, तार लागली की फाटतो, आणि पळताना हाक ऐकण्याची फारशी सवय नाही. कॉलीकडे नेमकं उरलेलं सगळं आहे: हुशारी, दमसास, राठ कातडी, टणक पाय. दोघांचं निम्मं-निम्मं पिल्लू शिकवायला सोपं, पण उघड्या मैदानावर रानसशाला गाठायला थोडं अपुरं. म्हणून निम्म्या रक्ताच्या मादीला पुन्हा ग्रेहाउंड लावतात. पाऊण ग्रेहाउंड, पाव कॉली. ब्रिटनमधल्या लर्चरवाल्यांचं हे फार आवडतं प्रमाण. अर्थात हे पाव-पाऊण कागदावरचं. एकाच वेतातलं एक पिल्लू आईची अक्कल घेतं, दुसरं बापाचे पाय, आणि तिसऱ्याच्या वाट्याला दोन्हींतलं नको तेवढंच येतं. म्हणून मुरलेला माणूस प्रमाण विचारायच्या आधी आईबाप काम करताना बघतो.

काम कोणतं, यावर पुढचा मसाला ठरतो. आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण इंग्लंडात बिळात राहणारा लहान ससा वेगळा आणि उघड्यावर राहणारा, लांब पायांचा रानससा वेगळा. बिळातल्या सशांसाठी व्हिपेट आणि बेडलिंग्टन टेरियर यांचा छोटा संकर पुरतो. तो बिळाशी थांबून आत ससा आहे की नाही हे अंगाच्या ठेवणीनंच सांगतो. मग आत फेरेट नावाचा छोटा पाळीव शिकारी प्राणी सोडायचा, आणि ससा बाहेर पडला की चाळीस-पन्नास पावलांत खेळ आटपतो. पूर्व इंग्लंडच्या अफाट सपाट शेतांत रानसशामागे मात्र सालुकीचं रक्त लागतं. वाळवंटात मुरलेला सालुकी ग्रेहाउंडपेक्षा हळू, पण मिनिटामागून मिनिटं पळत राहणारा. त्याचा दुर्गुणही तसाच ठसठशीत: हाक मारली तरी मनात असेल तेव्हाच परततो.

पहिल्या महायुद्धात या चोरट्याला सरकारी नोकरीही लागली. लेफ्टनंट कर्नल ई. एच. रिचर्डसन यांनी १९१७ मध्ये शूबरीनेस इथे युद्धकुत्र्यांची शाळा काढली. तोफांच्या माऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटायच्या, तेव्हा निरोप घेऊन कुत्रे धावायचे. कॉली आणि एअरडेल टेरियर यांच्या बरोबरीनं रिचर्डसन यांनी लर्चर निवडले. अंधारात गुपचूप एकट्यानं जायचं आणि धन्याकडे परत यायचं, हे शिक्षण त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या झालेलंच होतं.

मग १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये आला आणि दोन-तीन वर्षांत तिथले जवळपास सगळे बिळातले ससे मेले. लर्चरचं रोजचं कामच गेलं. ससे सावरले तोवर माणसांच्या हाती बॅटरीवरचे प्रखर दिवे आले होते, आणि अंधाऱ्या शेतात झोत टाकून शिकार करण्यासाठी पुन्हा नवी मिश्रणं जुळवली गेली.

न लिहिलेली वंशावळ कधीकधी रक्तच सांगतं. कॉलीच्या कुळात एका जनुकाचा दोष आढळतो. तो असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाची मोठी मात्रा बाधते. २००४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना हाच दोष लांब केसांच्या व्हिपेटमध्येही सापडला. हा शुद्ध व्हिपेटच, असं त्याचे काही पैदासकार छातीठोकपणे सांगत होते. जनुकानं कॉलीकडच्या पूर्वजाचं बिंग फोडलं. कॉलीचं रक्त असलेल्या लर्चरला औषध देण्याआधी पशुवैद्य याची चौकशी करतात ती त्यामुळेच.

असे मेळ आपल्याकडेही झाले. रामपूरचे नवाब अहमद अली खान यांनी अफगाणिस्तानातल्या ताझी कुत्र्यांत इंग्लिश ग्रेहाउंड मिसळून रामपूर हाउंड घडवला, असं सांगतात. मराठवाडा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातला कारवानी कुत्रा मात्र उलट वाटेनं गेला. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची निगुतीनं पैदास केली आणि पुढे त्याची रीतसर जात ठरली. २००५ मध्ये हे दोघेही टपालाच्या तिकिटावर झळकले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात त्यांचं सशामागे धावणं मात्र आता बेकायदा आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ती वेळ १८ फेब्रुवारी २००५ ला आली. नव्या कायद्यानं रानसशाचं कोर्सिंग बंद झालं. १८३६ पासून ऑल्टकारला भरणारी प्रतिष्ठेची वॉटर्लू कप स्पर्धा त्याच आठवड्यात शेवटची भरली. शेतात घुसून, पैजा लावून चालणारं चोरटं कोर्सिंग थांबलं नाही, म्हणून २०२२ मध्ये शिक्षा आणखी कडक झाल्या. आता न्यायालय अशा माणसाला कुत्रा बाळगायलाच मनाई करू शकतं. कायद्यानं दोन प्राणी मात्र मोकळे ठेवले आहेत: जमीनमालकाची परवानगी असेल तर उंदीर आणि बिळातले ससे. या कामाला सालुकीचा लांब पल्ला लागत नाही. त्याला पुरतो तो बेडलिंग्टन आणि व्हिपेटचा, गुडघ्याएवढा, कुरळ्या केसांचा लर्चर.