रीप्रोमल्गेशन ऑफ ऑर्डिनन्सेस : अ फ्रॉड ऑन द कॉन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया

भारतातील कार्यकारी सत्तेच्या विस्तारावर टीका करणारा डी. सी. वाधवा यांचा इंग्रजी ग्रंथ. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेने तो 1983 मध्ये प्रकाशित केला. 1967 ते 1981 या काळात बिहार सरकारने विधानमंडळाला बाजूला ठेवून वटहुकमांच्या आधारे कारभार कसा चालवला, हा त्याचा विषय आहे. त्यातील पुराव्यावर उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये या प्रथेला घटनाबाह्य ठरवले.

या प्रकारच्या राजकीय ग्रंथांची परंपरा जुनी आहे. इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी ‘द न्यू डेस्पॉटिझम’ (1929) या पुस्तकात मंत्री आणि खातेप्रमुख संसदेचे अधिकार गिळत असल्याचा आरोप केला. त्यावरून उठलेल्या वादळाच्या काळातच सरकारने डोनमोर समिती नेमली. अमेरिकेत इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांचे ‘द इम्पीरियल प्रेसिडेन्सी’ (1973) व्हिएतनाम युद्ध आणि वॉटरगेट प्रकरणाच्या छायेत लिहिले गेले. ह्यूअर्ट संतापून लिहितात, श्लेसिंजर इतिहासाच्या मोठ्या पटावर मांडणी करतात. वाधवांचा मार्ग या दोघांहून वेगळा आहे. ते अर्थशास्त्रज्ञ होते, जमीनविषयक कायद्यांचे अभ्यासक होते आणि ‘अॅग्रेरियन लेजिस्लेशन इन इंडिया’ (1973) हा संकलनग्रंथ त्यांच्या नावावर होता. राज्याचे राजपत्र अंकामागून अंक वाचायचे आणि तारखा जुळवून पाहायच्या, ही सवय त्यांनी या ग्रंथातही सोडली नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 213 नुसार विधानमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज भासल्यास राज्यपाल वटहुकूम काढू शकतात. राष्ट्रपतींना असाच अधिकार अनुच्छेद 123 ने दिला आहे. विधानमंडळ पुन्हा भरले की वटहुकूम सभागृहापुढे ठेवावा लागतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याची मुदत संपते. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नसल्याने वटहुकमाला फार तर साडेसात महिन्यांचे आयुष्य मिळते. मुळात हा ब्रिटिश राजवटीचा वारसा आहे. 1935 च्या भारत सरकार कायद्यात गव्हर्नर जनरल व गव्हर्नर यांना असे अधिकार होते आणि घटना समितीने ते काही फेरफार करून ठेवले. हृदयनाथ कुंझरू यांनी वटहुकमाची मुदत कमी करावी, असा आग्रह तेथे धरला होता, डॉ. आंबेडकरांनी तरतुदीचा बचाव केला आणि ती टिकली. कुंझरू हे भारत सेवक समाजाचे अध्यक्ष होते आणि गोखले संस्था याच समाजाच्या आश्रयाखाली वाढली. त्यांची शंका किती रास्त होती, याचा हिशेब सुमारे साडेतीन दशकांनी त्याच घरातून बाहेर पडला, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांनीही पंतप्रधान नेहरूंना पत्रे लिहून वटहुकमांच्या वापराविषयी नापसंती कळवली होती.

ग्रंथाचा गाभा त्यातील तक्त्यांत आहे. 1967 ते 1981 या काळात बिहारमध्ये 256 वटहुकूम असे निघाले, की ते पुन्हा पुन्हा काढून एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. त्यांपैकी 69 वटहुकूम तर राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने अनेकदा काढण्यात आले. उसाचा पुरवठा व खरेदी यांचे नियमन करणारा 1968 चा वटहुकूम जवळजवळ चौदा वर्षे चालला. या काळात विधानसभेच्या निवडणुका झाल्या, सरकारे आली आणि गेली, राष्ट्रपती राजवटही येऊन गेली, पण या विषयावरचा कायदा मात्र सभागृहाने केला नाही.

पद्धत साधी होती. अधिवेशन भरे, अर्थसंकल्प व इतर कामे उरकली जात, वटहुकमाच्या जागी विधेयक मात्र येत नसे. सत्रसमाप्ती होताच मुदत संपायच्या आत तोच मजकूर नव्या क्रमांकाने राजपत्रात छापला जाई. संसदीय कामकाज विभाग सर्व खात्यांना परिपत्रक पाठवून याची आठवण करून देत असे. जुलै 1981 चे असे एक परिपत्रक पुढे न्यायालयाच्या निकालातही आले. त्यात वटहुकूम कोणत्या तारखेला संपतील ते सांगून, ते पुन्हा काढण्याची तयारी वेळेवर करावी, अशी सूचना खात्यांना होती. विधेयक का मांडू नये, याचा विचार करण्याची गरज कोणालाच वाटलेली दिसत नाही. या प्रकरणात हुकूमशहा कोणीही नव्हता. सभागृहाचा अधिकार कार्यालयीन रिवाजाने आणि टिप्पणीवरच्या सह्यांनी काढून घेतला गेला. वाधवांचा खरा शोध हाच म्हणावा लागेल. यांतील अनेक वटहुकमांसाठी केंद्राची संमती घ्यावी लागत असल्याने दिल्लीही या व्यवहारात सहभागी होती, हे तक्ते न बोलता सांगतात.

ग्रंथाच्या पाठोपाठ वाधवा व आणखी तिघांनी 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केल्या. सोबतीला रांची जिल्ह्यातील एक रयत, पाटण्याचा एक विद्यार्थी आणि विटांचा एक व्यावसायिक होता. वनोपज, इंटरमीडिएट शिक्षण परिषद आणि विटांचा पुरवठा यांसंबंधीच्या वटहुकमांची झळ त्यांना बसत होती. पुण्याच्या संशोधकाला बिहारच्या वटहुकमांशी काय देणेघेणे, हा राज्य सरकारचा आक्षेप न्यायालयाने फेटाळला. निकालपत्रात वाधवांचा उल्लेख राज्यशास्त्राचे प्राध्यापक असा झाला आहे. अर्थशास्त्रज्ञाने घटनेच्या वाटेला जाणे न्यायालयालाही अनपेक्षित वाटले असावे. सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 20 डिसेंबर 1986 रोजी निकाल दिला. तातडीसाठी दिलेला अधिकार राजकीय सोयीसाठी वापरता येणार नाही आणि विधानमंडळाला डावलून वटहुकमांचे राज्य चालवणे ही घटनेशी प्रतारणा होय, असे पीठाने ठरवले. ग्रंथाच्या शीर्षकातला आरोप अशा रीतीने न्यायालयाचा निष्कर्ष बनला. वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये देण्याचा आदेशही झाला.

प्रत्यक्षात हाती लागले ते थोडे. आव्हान दिलेल्या तीन वटहुकमांपैकी दोन तोवर संपून त्यांचे कायदे झाले होते. शिक्षण परिषदेचा एकच वटहुकूम रद्द झाला. शिवाय सभागृहापुढे कामाचा बोजा जास्त असेल किंवा वेळ अपुरा असेल, तर वटहुकूम पुन्हा काढता येईल, अशी फट पीठाने ठेवली. ही फट ठेवणे चूक होते, असेच पुढील इतिहास पाहता म्हणावे लागते. 1989 मध्ये बिहार सरकारने 429 खासगी संस्कृत शाळा वटहुकमाने ताब्यात घेतल्या आणि तोच क्रम 1992 पर्यंत चालवला. एकही वटहुकूम सभागृहापुढे ठेवला नाही. केंद्रात भूसंपादन कायद्यातील दुरुस्तीचा वटहुकूम डिसेंबर 2014 ते मे 2015 या काळात तीनदा आणि शत्रू मालमत्तेविषयीचा वटहुकूम एकट्या 2016 मध्ये पाच वेळा निघाला.

संस्कृत शाळांच्या कृष्णकुमार सिंह खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने 2 जानेवारी 2017 रोजी बहुमताने निकाल दिला. वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे आणि संपलेल्या वटहुकमातून कायमचे हक्क आपोआप निर्माण होत नाहीत, असे त्यात ठरले. 1986 च्या निकालाने न हाताळलेला हा प्रश्न होता.

ग्रंथाला मर्यादाही आहेत. तक्त्यांमुळे तो वाचायला रुक्ष आहे. बिहारच्या आमदारांनी हे इतकी वर्षे कसे चालू दिले, या राजकीय प्रश्नाचा तळ तो गाठत नाही. दोष सरकारवर येतो, सभागृहाच्या स्वतःच्या उदासीनतेची झडती तितकीशी होत नाही. पुराव्याच्या बाजूने मात्र त्याला तोड नाही. खटल्याची कागदपत्रे वाधवांनी ‘एन्डेंजर्ड कॉन्स्टिट्यूशनॅलिझम’ (2008) या पुस्तकात एकत्र केली आहेत.