ब्रेक ऑइल, एरंडेल आणि कन्नडचा घाट

आजचा एपिसोड गाडीच्या ब्रेकवर. आपल्या धुळे-जळगावकडे आता बरेच जण व्हिडिओ बघून अंगणातच कॅलिपर बदलतात, एअर काढतात. छान आहे. पण उस्ताद लोक जे नियम सांगतात, 'दुसरं ऑइल टाकू नको', 'निप्पल वरच पाहिजे', ते का पाळायचे? मला वाटतं, याचं उत्तर इतिहासात आहे. यातला एकेक नियम कुठल्या तरी जुन्या अडचणीतून आलाय.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक सळ्यांनी नाहीतर केबलने ओढले जायचे. चारही चाकांना सारखी ओढ मिळणं महाकठीण. एक चाक आधी धरलं की गाडी त्या बाजूला खेचली जायची. मग अमेरिकेत माल्कम लॉकहीडने सळ्यांच्या जागी द्रव आणला. बंद नळीतल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगितलं होतं. 1921 मध्ये ड्युसेनबर्गच्या गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले. फोर्ड मात्र 1939 च्या मॉडेलपर्यंत जुन्या पद्धतीलाच धरून होता.

आता गंमत बघा. सुरुवातीला त्या नळ्यांमध्ये काय भरायचे? एरंडेल आणि अल्कोहोल! एरंडोलच्या श्रोत्यांनो, हसू नका, खरंच. कारण रबर. इंजिन ऑइलसारखं खनिज तेल लागलं की ब्रेकमधलं रबर फुगतं. एरंडेल त्याला बाधत नाही. आज आपण ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते बहुतेक गाड्यांत ग्लायकॉलवर आधारलेलं रसायन असतं, नावापुरतंच ऑइल. म्हणून त्यात इंजिन ऑइलचे चार थेंबही नकोत. झाकणावर डॉट 3 किंवा डॉट 4 लिहिलेलं असतं, तेच वापरायचं.

दुसरी अडचण उष्णतेची. ड्रम ब्रेक बंद डब्यासारखा, त्यातली उष्णता आतच कोंडते. उघड्या चकतीचा डिस्क ब्रेक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने 1902 मध्येच पेटंट केला होता. पण त्याचा गाजावाजा झाला 1953 मध्ये, जॅग्वारने डिस्क ब्रेक लावून ल मांची 24 तासांची शर्यत जिंकली तेव्हा. त्या चकतीला चिमट्यासारखा धरतो तो कॅलिपर.

आता हे सगळं आपल्या कन्नडच्या घाटात आणा. औट्रम घाट म्हणतात तो हाच. 1825 च्या सुमारास खानदेशात येऊन भिल्ल पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव त्याला आहे. कन्नडकडून चाळीसगावला उतरताना पाय सारखा ब्रेकवर राहिला तर कॅलिपर तापतो, त्यातलं ऑइलही तापतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. कोरं डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पुरेसा ओलावा शोषल्यावर ते 140 च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की वाफ होते. वाफ दबते, द्रव दबत नाही. पेडल थेट तळाला! म्हणून जुनं उघडं पडलेलं ऑइल वापरायचं नाही आणि साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं.

एका श्रोत्याने विचारलं होतं, 'भो, नवा कॅलिपर लावला, तीनदा एअर काढली, तरी पेडल स्पंजसारखं का?' सगळ्यात आधी हे बघा: डावा कॅलिपर उजवीकडे तर नाही ना लागला? तसं झालं की निप्पल खाली जातं. हवा कायम वर चढते, ती तिथेच अडकून बसते. होज जोडताना तांब्याचे वॉशरही नवेच घ्या.

एअर काढणं दोघांचं काम. गाडी नुसत्या जॅकवर नाही, स्टँडवर. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा निप्पल उघडतो, बुडबुडे बाहेर पडतात, निप्पल बंद होतं आणि मगच पाय सुटतो. बंद होण्याआधी पाय सुटला तर हवा परत आत. वरची टाकी मधेच रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची ते मॅन्युअलमध्ये बघा. एबीएस असेल तर काही गाड्यांना स्कॅनर लागतो, तिथे मेकॅनिककडेच जा.

4 जुलै 2023 ला शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला, मुंबई-आग्रा रस्त्यावर, एक कंटेनर गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. ब्रेक निकामी झाले, असं पोलिसांनी सांगितलं. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आपल्या कारच्या ब्रेकमध्ये हवा शिरली की ते बसतात. यंत्रणा वेगळी, पण उतारावर दोघांनाही नियम एकच: खालचा गिअर टाका, वेग इंजिनाला धरू द्या, ब्रेकला विश्रांती मिळू द्या.

तर मंडळी, अंगणात काम करा, जरूर करा. पेडल दगडासारखं लागल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर काढू नका आणि पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, हळू वेगात घ्या. घाट कुठे पळून जात नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!