परवान्याची परीक्षा आणि तयारीचा दरवाजा

कोणाच्या देखरेखीवाचून रोग्याची नाडी पाहू लागण्यापूर्वी वैद्याची परीक्षा झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण तिची तयारी कोणाला करू द्यावयाची, हा प्रश्न कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

इंग्लंडात १८१५ च्या कायद्याने लंडनच्या अपोथेकरी, म्हणजे औषधे देणाऱ्या वैद्यांच्या, मंडळाकडे परवाने देण्याचा अधिकार आला. पाच वर्षे उमेदवारी करावी, व्याख्याने ऐकावीत, इस्पितळात रोगी पाहावेत आणि मग लॅटिन, रसायन, औषधी व चिकित्सा यांत परीक्षा द्यावी, अशी रीत पडली. भोंदूंना आळा घालणारी म्हणून ती रास्तच होती.

एलिझाबेथ गॅरेट यांनी हीच वाट धरली. मिडलसेक्स इस्पितळातील विद्यार्थ्यांनी १८६१ मध्ये त्यांच्याविरुद्ध अर्ज केला आणि तेथील शिक्षण थांबले. मग त्यांनी अध्यापकांकडे खाजगी रीतीने शिकून तयारी केली. मंडळ कां-कूं करू लागले, तेव्हा वडिलांनी फिर्यादीचा धाक घातला. १८६५ मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या. पुढे मंडळाने काय केले? खाजगी शिक्षणच अमान्य ठरविले! परीक्षा जागच्या जागी राहिली. तयारीचा दरवाजा मात्र लागला.

तो उघडण्यासाठी सोफिया जेक्स-ब्लेक प्रभृतींनी १८७४ मध्ये लंडनला स्त्रियांचे वैद्यकीय विद्यालय काढले. गॅरेटबाई त्याच्या प्रमुख असताना मुंबईच्या रखमाबाई तेथे शिकल्या व १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या.

परीक्षा कडक असो; रोग्याचे हित त्यातच आहे. पण तयारीच्या किल्ल्या मूठभरांच्या कमरेला असतील, तर निकाल परीक्षेआधीच लागलेला असतो.