व्हॅनचा डीपीएफ साफ करूनही पुन्हा पुन्हा का चोक होतो?

गॅरेजमध्ये डीपीएफ साफ करून घेतला, बिल भरलं आणि महिनाभरात डॅशबोर्डवर तोच पिवळा दिवा पुन्हा लागला! शहरात माल पोचवणाऱ्या बीएस ६ डिझेल व्हॅनच्या मालकांना हे चांगलंच ओळखीचं आहे. खापर फुटतं ते फिल्टरवर. खरं तर फिल्टर आपलं काम करत असतो, दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम आले आणि डिझेल गाड्यांमध्ये तो सर्रास दिसू लागला. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या बारीक नळ्यांच्या भिंतींमधून धूर झिरपतो आणि काजळी आत अडकते.

ही काजळी वेळोवेळी जाळावी लागते. याला रीजनरेशन म्हणतात. हायवेवर सलग पळणाऱ्या गाडीचा सायलेन्सर चांगला तापतो आणि बरीच काजळी आपोआप जळते. शहरात तेवढी उष्णता मिळत नाही. मग गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो. याला साधारण १० ते २० मिनिटं लागतात. नेमकं तेव्हाच पुढचं दुकान येतं आणि ड्रायव्हर चावी फिरवतो! काम अर्धवट राहतं आणि पुढच्या फेरीत परत पहिल्यापासून सुरुवात.

नुकसान इथेच थांबत नाही. हे जादा डिझेल थोडं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल न भरताच पट्टीवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑइल पातळ झालंय, आणि तसंच गाडी चालवली तर टर्बो आणि बेअरिंग झिजतात. म्हणजे फिल्टरचा खर्च इंजिनवर जातो.

पण हायवेवर पळणारी व्हॅनसुद्धा चोक होत असेल तर? मग फिल्टरच्या आधीचे भाग तपासायला हवेत. गळका इंजेक्टर किंवा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह जास्त काजळी तयार करतो. टर्बोतून ऑइल सायलेन्सरमध्ये जात असेल तरी तेच. थर्मोस्टॅट उघडाच राहिला असेल तर इंजिन पुरेसं तापत नाही आणि अनेक गाड्यांत रीजनरेशन सुरूच होत नाही. कधी प्रेशर सेन्सरची रबरी नळी तडकलेली असते. फिल्टर ठणठणीत असतो, फक्त कॉम्प्युटरला चुकीचा आकडा जातो! हे न बघता स्कॅनर लावून काजळी जाळली की चार दिवस बरे जातात, इतकंच.

राखेची गोष्ट वेगळी. काजळी जळते, पण ऑइलमधून आलेली राख जळत नाही, ती साठतच जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. स्वस्तातलं भलतंच ऑइल भरलं की फिल्टर लवकर भरतो.

काही ठिकाणी फिल्टर काढून सॉफ्टवेअर बदलून देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असे बदल करता येत नाहीत. शिवाय ती सगळी काजळी मग रस्त्यावरच्या लोकांच्या छातीत जाते.

नुसता पिवळा दिवा असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं सलग चालवावी. जागेवर इंजिन चालू ठेवून सहसा काही होत नाही. पिकअप गेला किंवा इंजिनचा दिवाही लागला, तर मात्र गाडी थेट गॅरेजमध्ये न्यावी आणि आधी ऑइलची पातळी बघायला सांगावी.